चौथ्या गाण्यातला पत्र्याचा आवाज

सोमवार, ४ फेब्रुवारी

ही डायरी चष्मेवाल्याने फुकट दिली. जिथे आमचं कॅसेटचं दुकान होतं, तिथे आता त्याचं चष्म्याचं आहे. मला पाहिलं की त्याला उगाच अपराधी वाटतं आणि तो काही ना काही हातात कोंबतो. प्रत्येक पानाच्या तळाशी 'नजर सांभाळा' असं छापलंय. एवढा चांगला कागद कोरा ठेवणं जिवावर आलं म्हणून लिहितोय, नाहीतर माझ्या दिवसात लिहिण्यासारखं काय असतं? दाढी, पेपर, जेवण, डुलकी.

आज मात्र घडलं. ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "पोरीनं नवीन गाणी काढलीत. इंटरनेटवर विकायला ठेवलीत." (ही म्हणजे माझी बायको. डायरीला ओळख करून दिलेली बरी.)

"कोणत्या कंपनीनं काढली?"

"कोणत्याच नाही. तिची तिनंच."

"मग विकतं कोण?"

"मला काय माहीत! पण या वेळी कोणी घेतली नाहीत तर कीबोर्ड आणि ते रेकॉर्डिंगचं मशीन विकून टाकणार म्हणाली. ती अर्धा दिवस काम करते तो हॉलवाला तिला पूर्ण वेळ ठेवून घ्यायला तयार आहे. ती नोकरी धरणार आणि गाणं बंद. कायमचं."

मी "बरं" म्हणालो. नोकरी लागत असेल तर चांगलंच आहे, मी कधीपासून तेच म्हणतोय. मग जेवताना ताटात अर्धी पोळी का राहिली, ते काही कळलं नाही.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

मुलगी फोन करते तो हिला. मला 'बाबांना विचारलंय म्हणून सांग' एवढंच पोचतं, तेही ही विसरली नाही तर.

कारण सांगायचं तर कारण काहीच नाही. दुकान बंद व्हायच्या सुमाराला तिने तिची पहिली धून दुकानातल्या स्पीकरवर लावली. मला विचारलं, "कसंय?" मी म्हणालो, "कळलं नाही." जे खरं ते सांगितलं. आख्खा जन्म काउंटरमागे काढला, पण न कळलेला माल 'फर्स्टक्लास आहे' म्हणून कोणाच्या गळ्यात मारला नाही. गिऱ्हाईक त्या भरवशावर यायचं. परक्याला जी थाप मारली नाही ती पोटच्या पोरीला मारायची होती का? तिने वायर काढली, नीट गुंडाळली आणि गेली. यात माझं काय चुकलं, ते मला आजतागायत कोणी समजावून सांगितलेलं नाही.

लागायचं तर मला लागायला हवं. दुकानाच्या शेवटच्या दिवशी पोरगी दिवसभर समोरच्या फुटपाथवर उभी. हातात ते गाण्याचं डबडं, कानात इअरफोनची बोंडं. बापाचं दुकान बंद होतंय आणि पोरीचं आपलं गाणं ऐकणं चालूच. मी कोणाला बोललो नाही, पण ते मला फार लागलं.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

हिने फ्रिजवर इंटरनेटवरचा पत्ता लिहून चिकटवला होता, 'बघा वाटलं तर' म्हणून. मुलीच्या जुन्या खोलीतला कॉम्प्युटर लावला.

कव्हरवर नुसत्या आडव्या करड्या रेघा. माणूस नाही, फूल नाही, काही नाही. असं कव्हर असेल तर माल हातात तरी कोण घेईल? नाव ठेवलंय 'दुपारचे दोन'. दुपारी दोनला कोण गाणी घेतं? दुपारी दोनला तर दुकान बंद असतं!

किमतीचा आणखीच घोळ. 'कमीत कमी इतके, वर तुमच्या मर्जीने.' आमच्याकडे भाव म्हणजे भाव. मी कमीत कमीचा आकडा घातला, मग लाज वाटली, वाढवला, मग फार वाढवला तर संशय येईल म्हणून थोडा उतरवला. स्वतःशीच घासाघीस करायची वेळ या वयात आली.

वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'थेट कलाकाराकडून घ्या.' मला हसू आलं. आम्हीही पाटी लावायचो 'थेट कारखान्यातून', आणि कारखाना आणि आमच्या मध्ये माणसांची रांग असायची. माल आहे तिथे दुकानदार असणारच. कुठेतरी पंखा लावून बसला असेल.

माझं नाव कळू नये म्हणून दुकानाच्या जुन्या ई-मेलवरून घेतलं. तो पत्ता मुलीनेच कधीतरी काढून दिला होता, पण तिला तो कुठे आठवायला!

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

ऐकलं. सगळं डोक्यावरून गेलं.

शब्द नाहीत. चाल धरावी म्हटलं तर हातातून सुटते. कीबोर्ड एकच सूर धरून बसतो, धरूनच बसतो, आणि आपल्याला वाटायला लागतं की आता काहीतरी होणार, तेवढ्यात गाणं संपतं. तिसऱ्यात कोणीतरी कपबशी ठेवल्यासारखं वाजतं. चौथ्यात तर सरळसरळ बिघाड आहे. शेवटचं अर्ध्यात रिकामं.

आता हे पोरीला सांगणार कोण? पण दुकानदाराला सांगता येतं. मालात खोट असेल तर गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे. 'निरोप लिहा' असा एक चौकोन होता, त्यात लिहिलं:

'दुकानदार साहेबांस नमस्कार. आपल्याकडून कालच 'दुपारचे दोन' हा माल घेतला. चौथ्या गाण्यात मागे पत्र्याचा आवाज येतो. वरून खाली गडगडत येतो, मध्येच अडकतो, मग धाडकन काहीतरी आपटतं, आणि शेवटी कोणीतरी खोकतं. रेकॉर्डिंगच्या वेळी खोलीत माणसं येऊ देऊ नयेत. तसंच शेवटचं गाणं रिकामं आहे. पूर्वी कॅसेटची एक बाजू कोरी यायची, तसा प्रकार वाटतो. माल बदलून मिळावा. कलाकाराला मात्र यातलं काही कळवू नये, तिचा हिरमोड होईल. — एक गिऱ्हाईक.'

हिने दारातून विचारलं, "कोणाला एवढं लिहिताय?"

"दुकानदाराला."

"कोणत्या?"

"पोरीचा माल विकतो त्या."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग तोंडाला पदर लावून वाळलेले कपडे आणायला गेली. खोकला झालाय बहुतेक.

रविवार, १० फेब्रुवारी

दुकानदाराचं उत्तर आलं. 'तक्रार मिळाली. पत्र्याचा आवाज आणि खोकला मुद्दाम ठेवला आहे. शेवटचं गाणं रिकामं नाही, थांबून ऐकावं लागतं. तरीही बदलून हवं असेल तर कळवा.'

माणूस सभ्य वाटतो. पण मुद्दाम खोकला? कलाकाराला पाठीशी घालतोय. चांगल्या दुकानदाराचं लक्षणच आहे म्हणा ते.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आज त्याला चार गोष्टी सांगितल्या. माल मागे पडू देऊ नका, दर्शनी भागात ठेवा. कोणी आत आलं की हलक्या आवाजात लावून ठेवा, विचारलं तरच बोला. कव्हर बदलता आलं तर बघा.

लगेच उत्तर: 'कव्हर नाही बदलता येणार. बाकी करून बघते.'

'बघते'. म्हणजे दुकानदार बाई आहेत! इतके दिवस मी त्यांना साहेब साहेब करतोय. लगेच माफी मागितली. त्यांनी लिहिलं, 'चालायचंच.' हीसुद्धा मी काही सांडलं की तेच म्हणते.

शनिवार, १६ फेब्रुवारी

का कोण जाणे, रोज सकाळी दाढी करताना तीच गाणी लावतो. आवडलीत म्हणावं तर तसं नाही. न लावता करून बघितली एक दिवस, तर गाल कापला. एरवी आरशासमोर उगाच जुने हिशोब डोक्यात येतात, ते येत नाहीत एवढं खरं.

शेवटचं गाणं थांबून ऐकायला बसलो होतो. मध्येच दूधवाला आला.

बाईंना विचारलं, खपतंय का? 'थोडं थोडं,' म्हणाल्या. दुकानदार 'थोडं थोडं' म्हणतो तेव्हा काय परिस्थिती असते ते मला कोणी शिकवायला नको. आणि गंमत अशी, की नोकरी धरावी म्हणून जन्मभर घसा कोरडा करणारा मी, देवाला सांगतोय की खपू दे.

बुधवार, २० फेब्रुवारी

चष्म्याची काडी निघाली म्हणून चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने काच बसवून घेतलीय पुढे, चकचकीत, जवळ गेलं की आपोआप सरकणारी. मी म्हणालो, "शटर काढलंस?"

"केव्हाच, काका. भंगारात दिलं. तुमचं ते शटर म्हणजे ताप होता नुसता. अर्ध्यावर अडकायचं. आठवतंय ना, डाव्या कोपऱ्यात लाथ घातल्याशिवाय खाली यायचं नाही?"

मला आठवतं की नाही म्हणे! रोज दुपारी दोनला खाली ओढायचो, ते अडकायचं, मी लाथ घालायचो, आणि वरची सगळी धूळ नाकातोंडात जाऊन

इथेच पेन थांबलं. चष्मेवाल्याच्या दुकानातही मी असाच थांबलो होतो. तो म्हणाला, "काका, बसा, पाणी देऊ का?" मी काडी न लावताच घरी आलो.

चौथं गाणं लावलं. गडगडत आलं. अडकलं. धाडकन. खोकला.

तो माझा खोकला आहे.

म्हणजे शेवटच्या दिवशी ती फुटपाथवर गाणी ऐकत नव्हती. ती आमचं दुकान ऐकत होती. त्या डबड्यात ती आमचे आवाज भरून घेत होती, आणि मी मनात तिला काय काय बोललो होतो! कव्हरवरच्या करड्या रेघाही आता दिसल्या. इतकी वर्षं ज्याच्यापुढे उभा राहिलो ते शटर मला ओळखू आलं नाही.

मी रडलो. डायरीत खोटं कशाला लिहू? ही आत आली, काही न विचारता बाजूला बसली. गाणं संपल्यावर म्हणाली, "परत लावा."

गुरुवार, २१ फेब्रुवारी

दुकानदार बाईंना निरोप पाठवला:

'दिनांक आठची तक्रार मागे घेतो. माल कृपया बदलू नये. बिघाड आमच्या बाजूला होता. एक गोष्ट आपल्याला विश्वासात घेऊन सांगतो. ही कलाकार माझी मुलगी आहे. तो खोकला माझा आहे. कृपया तिला सांगू नये.'

शनिवार, २३ फेब्रुवारी

उत्तर नाही.

सोमवार, २५ फेब्रुवारी

उत्तर नाही. मी इतकं खाजगी लिहायला नको होतं. गिऱ्हाइकानं गिऱ्हाइकासारखं राहावं. हिला विचारलं, "पोरीचा फोन?" ही म्हणाली, "आला होता. आवाज बसला होता तिचा." मी म्हटलं थंड पाणी पीत असेल.

बुधवार, २७ फेब्रुवारी

आलं! 'उत्तराला उशीर झाला, माफ करा. एक विचारू? तुम्ही इतके दिवस ऐकताय. तुम्हाला ती गाणी कशी वाटली?'

घ्या. परत तोच प्रश्न. पोरीला खरं सांगितलं तर ती वायर गुंडाळून गेली. पण ही दुकानदार आहे, धंद्यातली बाई आहे. दुकानदारानं दुकानदाराला थाप मारायची नसते. सकाळभर खोडत बसलो, मग हे पाठवलं:

'कळली नाहीत. खूप प्रयत्न केला. पण रोज दाढी करताना लावतो. लावली नाहीत तर दिवस सुरू झाला असं वाटत नाही. कशामुळे, ते मला सांगता येत नाही. मुलीने पूर्वी हेच विचारलं होतं, तेव्हा मी फक्त पहिलं वाक्य बोललो. दुसरं तेव्हा माझ्याकडे नव्हतं. असं ऐकतोय की ती हे सोडून देणार आहे. आपला तिच्याशी व्यवहार आहे, आपलं ती ऐकेल. सोडू नको म्हणावं. मी सांगितलं असं मात्र म्हणू नका.'

गुरुवार, २८ फेब्रुवारी

बाईंचं उत्तर: 'शनिवारी संध्याकाळी तिचा कार्यक्रम आहे. सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. मालाचं टेबल दाराशीच असेल. या, तिथे भेटू.'

जावं का? मुलगी बघेल. बघितलं तर काय सांगू? हिला म्हणालो, "शनिवारी जरा एका दुकानदार बाईंना भेटायला जायचंय."

ही म्हणाली, "जा ना. निळा शर्ट इस्त्री करून ठेवते." कसली बाई, कुठली बाई, एका शब्दानं विचारलं नाही. या बाईचा माझ्यावर इतका विश्वास कधीपासून?

रविवार, ३ मार्च

सगळं नीट क्रमाने लिहितो, नाहीतर माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

हॉल म्हणजे एक लांबट खोली. खालून ग्रीस आणि रबराचा वास. आत खुर्च्या, बाहेर पॅसेजमध्ये टेबल, आणि टेबलावर कॅसेटी. होय, कॅसेटी! करड्या रेघांचं कव्हर घातलेल्या, नव्या कोऱ्या. मला वाटलं डोळे फिरले. मांडणी मात्र भयंकर, नावं सगळी खालच्या बाजूला. मी सवयीने त्या उभ्या करायला लागलो.

"बाबा."

मुलगी समोर उभी. केस कापलेत तिने. हिने मला सांगितलं नव्हतं. मी चोरी पकडल्यासारखा हात मागे घेतला.

"मी त्या दुकानदार बाईंना भेटायला आलोय," मी म्हणालो. "तुझा माल विकतात त्या. कुठे आहेत?"

"कोण दुकानदार बाई?"

"अगं, इंटरनेटवाल्या. आमचा पत्रव्यवहार आहे."

तिने मी उभी केलेली एक कॅसेट सरळ केली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मध्ये कोणी नाहीये. थेट म्हणजे थेट. जे लिहिलंत ते मलाच येत होतं."

माझे कान तापले. खोकला, दाढी, कोरी बाजू, 'कलाकाराला कळवू नये', एकेक करून सगळं आठवत गेलं. जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. "तुला माहीत होतं, मी आहे ते?"

"दुकानाचा ई-मेल मीच काढून दिला होता ना? आणि आई रोज सांगत होती, आज काय लिहिताय ते."

तरीच तो निळा शर्ट.

मी काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात आतून कोणीतरी तिला हाक मारली. ती म्हणाली, "मला सुरू करायचंय. टेबलावर थांबायला माणूस नाहीये. थांबाल?"

हा काय प्रश्न झाला?

दार अर्धं उघडं होतं. मी टेबलामागे उभा राहून सगळं ऐकलं. चौथं आलं, लाथ बसली, खोकला आला तेव्हा आतले लोक हसले. चांगलं हसू होतं, चिडवणारं नव्हतं. आणि मग शेवटचं. तो लांबलचक रिकामा भाग आला, पण इथे ना दूधवाला होता ना घाई. मी थांबलो. किती तरी वेळानं, अगदी दुरून, शटर वर जायला लागलं. वर जाताना ते कधीच अडकायचं नाही. दुपारच्या सुट्टीनंतर चारला उघडायचो तो आवाज.

आता शेवटचं, संध्याकाळचं, कायमचं बंद केलं तो आवाज येणार म्हणून मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. तो आलाच नाही. ती दिवसभर फुटपाथवर उभी होती, पण तो आवाज तिने घेतलाच नाही.

लोक बाहेर आले. हातात छत्री असलेल्या एक बाई कॅसेट उलटसुलट करून म्हणाल्या, "घरी लावायला कशी आहेत हो ही गाणी?"

मुलगी दारातच वायर गुंडाळत होती. तिचे हात थांबलेले मला दिसले. पण काउंटरमागे उभा असताना मी जे करत आलोय तेच केलं.

"मला अजून कळलेली नाहीत," मी म्हणालो. "पण मी रोज लावतो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवीत जागा केली. "बघू," म्हणाल्या, "द्या एक." मुलीने उरलेली वायर गुंडाळली, पण गेली कुठेच नाही. टेबलापाशी येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

जिना उतरताना तिला विचारायचं होतं, मशीन विकणार का, नोकरीचं काय. धीर होईना. तीच म्हणाली, "बाबा, चष्मेवाल्याकडे आतला काउंटर अजून आपलाच आहे ना? सुट्ट्या पैशांचा तो ड्रॉवर करकरायचा बघा. त्याचा आवाज हवाय मला. पुढच्या गाण्याला."

उद्या सकाळी तिला घेऊन जायचंय. चष्मेवाल्याला अजून सांगितलेलं नाही, तो बिचारा घाबरेल. ड्रॉवरच्या करकरीत गाणं कुठून येणार, आणि असलं काही विकत घेणार तरी कोण, मला काहीएक कळत नाही. मी घेईन.